सतरा-एक्कावन्नचा ठिपका

लग्नात ड्रोन वर गेला की मी मांडवाच्या बाहेर येतो. लोकांना वाटतं, निवृत्त फौजी आहे, आवाज सोसत नसेल. बायकोही सगळ्यांना तसंच सांगते. खरं कारण तिला या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. मी बाहेर उभा राहून त्या यंत्राची चाल बघत असतो. किती उंचावर आहे, सरळ जातं की वळतं, कुठे थांबतं. ते नवरदेवाच्या डोक्यावर थांबलं की मी सेकंद मोजायला लागतो. वरूडला साडूच्या संत्र्याच्या बागेत फवारणीचा ड्रोन येतो, तिथेही तेच. साडू म्हणतो, "साहेब, तुमी तं असे पाहून राहिले, जसा तो बॉम्बच टाकते." मी हसतो आणि बांधावरून दुसरीकडे जातो.

मी लष्कराच्या हवाई संरक्षण तुकडीत चोवीस वर्षं काढली. काम रडारच्या पडद्यासमोर बसायचं. सुरुवातीला आम्हाला लढाऊ विमानं ओळखायला शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत मात्र पंजाबच्या सीमेवर बसवलं ते हेरॉइन घेऊन येणारे छोटे ड्रोन शोधायला. पलीकडून एक यंत्र उडायचं, दोन-तीन किलोमीटर आत यायचं, एखाद्या शेतावर थांबून दोरीला बांधलेलं पाकीट सोडायचं आणि माघारी फिरायचं. पाकीट उचलणारा माणूस खाली पिकात दबा धरून बसलेला असायचा. आमच्या पडद्यावर हे सगळं म्हणजे एक ठिपका. तो दिसला की हँडसेट उचलून सांगायचं. मग त्याचा सिग्नल तोडायचा प्रयत्न व्हायचा आणि शोधपथक त्या शेताकडे पळायचं. हाताशी फार तर पाच-सात मिनिटं असत. त्यानंतर गेलेल्यांना गव्हात फक्त पायाचे ठसे सापडायचे.

ठिपका ओळखणं अवघड होतं ते पाखरांमुळे. संध्याकाळी बगळे, कावळे, पोपट सगळे घराकडे निघतात आणि पडदा ठिपक्यांनी भरून जातो. पाखरांचे ठिपके थरथरतात, फुटतात, पुन्हा एक होतात. ड्रोनचा ठिपका एका रेषेत जातो. हे वाचायला सोपं वाटतं. दोन तास पडद्याकडे बघितल्यावर सगळंच थरथरायला लागतं. म्हणून आमच्याकडे एक नियम होता. पाळी सहाला बदलायची, पण नवा माणूस पावणेसहालाच यायचा, रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करायचा आणि खुर्चीत बसायचा. जुन्याने पंधरा मिनिटं त्याच्या शेजारी बसून राहायचं. सही झाली की जबाबदारी नव्या माणसाची. दमलेल्या डोळ्यांच्या जागी ताजे डोळे यावेत, एवढाच त्यामागचा विचार.

माझ्यानंतर बहुतेक वेळा ज्याची पाळी असे, तो बार्शीटाकळीचा. मी अमरावतीचा. तुकडीत वऱ्हाडचे आम्ही दोघंच. मी हवालदार, तो नाईक, वयाने माझ्याहून चार वर्षं लहान, मला भौ म्हणायचा. पहिल्या दिवशी लंगरमध्ये, म्हणजे आमच्या खानावळीत, त्याने मागून विचारलं होतं, "भौ, तुमी अमरावतीकडचे होय का?" मी विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाला, "तुमी आत्ता त्या पोट्ट्याले हिंदीत शिवी देल्ली ना, ते हिंदी आपल्याकडचं होतं." त्याच्या घराण्यात वर्दी घालणारा तो पहिला. ट्रंकेच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला. रजेवरून येताना दोघांच्या बायकांनी दिलेलं लोणचं आणि तीळ-जवसाची चटणी आम्ही एकाच डब्यात ठेवत असू.

आणि आपला माणूस आहे म्हणूनच आम्ही तो नियम मोडला. कंटेनरसारख्या त्या खोलीत थंडी हाडात शिरायची. लंगर लांब होतं आणि संध्याकाळचा चहा साडेपाचला उकळायचा. तो पावणेसहाला यायचा, रजिस्टरमध्ये १७:४५ लिहून सही करायचा, किटली उचलायचा आणि आमच्या दोघांसाठी चहा आणायला जायचा. तो येईपर्यंत मी खुर्चीतच. माझ्याआधी त्याची पाळी असली की मीही तसंच करायचो. दुसऱ्या कुणाबरोबर आम्ही दोघांनीही हे केलं नसतं. पंजाबी किंवा मद्रासी जोडीदाराच्या हातात माझी सही ठेवून मी दहा पावलंही गेलो नसतो. पण तो आपल्याकडचा होता. आपल्या माणसासमोर रजिस्टर कसलं, असं आम्हाला वाटायचं.

सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, ज्या दिवसाचं मी सांगतोय त्याच्या आठवडाभर आधी, मी एका संध्याकाळी हँडसेट उचलला होता. मला ठिपका सरळ जाताना दिसला. शोधपथकाची बारा माणसं धुक्यात, ओल्या गव्हातून दोन तास फिरली. परत आली तेव्हा विजारी मांड्यांपर्यंत चिंब. शेताच्या कडेच्या तळ्यावर बगळ्यांचा थवा उतरला होता, बाकी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी हजेरीला सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बगुला साहब, आज कितने बगुले पकड़ने का इरादा है?" सगळी रांग हसली. तेव्हापासून मी बगुलासाहेब. लंगरमध्ये वाढपी विचारायचा, बगुलासाहेबांना मासे वाढू का. मीही हसायचो. माझं नायब सुभेदारीच्या बढतीचं बोर्ड तोंडावर होतं आणि हसणं भाग होतं. आत मात्र मी प्रत्येक ठिपक्याला घाबरायला लागलो होतो. ड्रोन आला तर काय, या भीतीपेक्षा ड्रोन नसला तर काय, ही भीती मोठी झाली होती.

त्या दिवशी तो आला, सही केली, किटली घेऊन गेला. जाताना म्हणाला, "भौ, आज आलं घालून आणतो, खोकून राहिले तुमी." मी एकटा होतो. पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी, आमच्या भाषेत सतरा-एक्कावन्नला, सीमेच्या रेषेवर एक ठिपका उमटला. आजूबाजूला पाखरांची गर्दी होती, पण हा त्यांच्यातून सरळ आत आला. मी त्याच्याकडे बघत होतो. पुढे तीन मिनिटं मी त्याच्याकडे बघतच होतो. मग तो एका जागी थांबला.

पाखरू असं थांबत नाही. कापशी घार थांबते, उंदरावर नजर ठेवून पंख फडफडवत. मी स्वतःला म्हणालो, कापशी असेल. दाट धुक्यात कापशी खालचा उंदीर कसा बघेल, हेही मला त्याच क्षणी सुचलं होतं. माझा उजवा हात हँडसेटवर होता. तो हात मला आजही आठवतो, नखाजवळची निघालेली सालं दिसत होती. हजेरीची रांग डोळ्यासमोर आली. चाळीस सेकंद ठिपका थांबला, मग मागे वळला आणि धुरकट होत गेला. मी हात काढून मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने तो किटली घेऊन आत आला. "पडद्यावर आलं काई?"

"काई नाई. पाखरं."

त्याने आणलेला आल्याचा चहा मी पूर्ण प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी स्कूटरवर पोतं बांधून आमच्या फाटकावर आला. पोत्यात ड्रोन होता. माघारी जाताना निलगिरीच्या झाडाला अडकून त्याच्या मोहरीत पडलेला. पाकीट लटकवायचा खालचा आकडा रिकामा. तज्ज्ञांनी त्याच्यातल्या नोंदी काढल्या: सतरा-एक्कावन्नला सीमा ओलांडली, सतरा-चोपन्नला थांबा. आमच्या पडद्याचं रेकॉर्डिंगही काढलं. ठिपका स्वच्छ दिसत होता. मग रजिस्टर उघडलं. त्या वेळेला खुर्ची त्याच्या नावावर होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे त्याने मला गाठलं. "भौ, खरं सांगा. दिसलं होतं?"

मी म्हणालो, "नाई रे. दोन तास झाले होते. डोळे गेले होते."

त्याने टाकीचा गळका नळ पिळून बंद केला. मग म्हणाला, "मंग चूक माहीच होय. नियम त्याच्याचसाठी होता. म्या बसलो असतो तं दिसलं असतं." तो पुढे म्हणाला, "तुमी पावणेसहाले उठले म्हणून सांगा. सही माही हाये. दोघं मरून काय फायदा? तुमचं बोर्ड हाये."

मी चौकशीत तसंच सांगितलं. पावणेसहाला ताबा दिला आणि निघालो. तीन अधिकाऱ्यांसमोर, सावधान उभा राहून, स्वच्छ आवाजात. त्याच्या सेवापुस्तकात लाल शाईची नोंद झाली. फौजेत या नोंदीला फार मोठा अर्थ आहे. हवालदारी थांबली, मुदतवाढ मिळाली नाही, आणि करार संपला तसा तो घरी गेला. मी बोर्डातून पास झालो.

त्या पाकिटाचं काय झालं हे मला ठाऊक नाही. जवळच्या गावातून लंगरला दूध घालणारा एक माणूस होता, दोन मुलांचा बाप, फार बडबड्या. त्या वसंतात दूध त्याची बायको आणायला लागली. तो सुई टोचून घेताना मेला, असं स्वयंपाक्याने सांगितलं. ते माझ्या पाकिटातलं होतं की दुसऱ्या कुठल्या, ते कुणीच सांगू शकणार नाही. ती बाई कॅन उतरवताना मला नमस्कार करायची तेव्हा मी कामाचं निमित्त करून आत जायचो.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मी अमरावतीला आलो. माझा तो जोडीदार अकोल्यात एका जिनिंग कारखान्यावर पहारेकरी आहे, राहतो बार्शीटाकळीतच. माजी सैनिकांच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळावी म्हणून त्याने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा कागद तपासताना ती लाल नोंद आडवी आली. वयाची मर्यादा या वर्षी संपते.

त्याची मुलगी अमरावतीत वकिलीचं शिकते. होस्टेलचं जेवण तिला आवडत नाही म्हणून रविवारी आमच्याकडे येते. या एप्रिलमध्ये एका रविवारी ती फाइल घेऊन आली. वडिलांच्या नकळत तिने त्यांचे सगळे कागद वाचले होते आणि नोंद रद्द करण्यासाठी वरच्या कार्यालयाला अर्ज तयार केला होता.

"काका, बाबा म्हणतात ते चहा आणायला गेले होते. मग खुर्चीत कोण होतं?"

बायको पोळ्या करत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

"मी होतो," मी म्हणालो. एवढं मी सांगायचं ठरवूनच ठेवलं होतं. मला वाटलं, एवढ्यावर भागेल.

तिने मान हलवली. "मला वाटलंच होतं. पण नुसतं हे लिहिलं तर बाबांचं आणखी वाईट होतं. सही करून जागा सोडली, असं होतं ते. ते म्हणतील, ताजे डोळे असते तर ठिपका दिसला असता." तिने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्हाला तो दिसला होता का?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. वकील होईल ती, चांगली होईल. मग तिने कागद गोळा करायला सुरुवात केली. बायकोने तिच्यासाठी चहा ठेवला, तेव्हा ती हसून म्हणाली, "आमच्या घरी फक्त आई आणि मीच पितो. बाबांनी सोडून दिला. ॲसिडिटी होते म्हणतात. फौजेतून आले तेव्हापासून."

मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. त्याला कसली ॲसिडिटी होती ते या जगात मला एकट्यालाच माहीत होतं.

ती गेल्यावर बायकोने विचारलं, "तुमाले काय होऊन राहिलं? चेहरा पाहा कसा झाला." मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने एकच प्रश्न विचारला, "पोरीचं लग्न व्हायचं हाये, पेन्शन जाईन का?" मी म्हणालो, माहीत नाही. चौकशीत खोटं बोललो आहे, काहीही होऊ शकतं. ती बराच वेळ गहू निवडत बसली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी त्याची पोट्टी इथं जेवाले येईन. मी तिच्या ताटात कशी वाढू?"

शनिवारी सकाळी मी अकोल्याची एसटी धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. प्रत्येक थांब्यावर उतरून परतीची गाडी धरावी असं वाटत होतं. शेजारचा माणूस विचारत होता, कुठं लग्न आहे का. अकोल्याला उतरलो तेव्हा डांबर बुटाला चिकटत होतं. तिथून बार्शीटाकळीची गाडी. त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही, मला मात्र लागावा असं वाटत होतं.

तो अंगणात कूलरची जाळी उघडून नवा वाळा भरत होता. बनियन घामाने भिजलेलं. मला बघून उठला. "या या साहेब! पेन्शनवाले मोठे लोक तुमी. फोन तं करायचा होता, गाडी पाठवली असती." आत बायकोला हाक मारून म्हणाला, "अवं, भौ आले अमरावतीचे. घरी सायकल नाई, गाडी कुठून पाठवतो, असं म्हणून राहिले मनात." आणि हसला.

वहिनी पाणी देऊन आत गेल्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"मला तो दिसला होता," मी म्हणालो.

"कोन?"

"ठिपका."

त्याच्या हातात वाळ्याची जुडी होती. ती त्याने जाळीत बसवली, तार ओढली, पीळ दिला.

"कुठून दिसला?"

"रेषेवरून. पहिल्यापासून."

"थांबला तवा?"

"तेव्हाही. चाळीस सेकंद."

"मंग पाखरू नव्हतं."

"नव्हतं."

"तुमाले तवाच ठाऊक होतं."

"हाव."

त्याने दुसरी जुडी उचलली. "मंग हँडसेट उचलला काहून नाई?"

मी सांगितलं. हजेरीची रांग, बगुलासाहेब, वाढपी, बोर्ड. उन्हात उभं राहून सांगताना ते सगळं इतकं लहान वाटत होतं की मलाच पटेना. तो ऐकत होता आणि वाळा भरत होता. तीन बाजू पूर्ण झाल्या.

"लोक हसतीन म्हणून," तो म्हणाला.

"हाव."

"मले वाटे, तुमचे डोळे थकले. म्या जाग्यावर नोहतो म्हणून थकले." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सहा वर्षं म्या चाय नाई पेलो, लेका. पावण्यारावळ्यात कप समोर आला तं पोटात गोळा ये. घरची बाई म्हणे डॉक्टरले दाखवा. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या त्याही खाल्ल्या म्या." भौ म्हणायचा तो मला कायम. लेका त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाला.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात वर केला.

"ते नोको. ते अठी नोको." मग हळू आवाजात म्हणाला, "आता जाय. नाई, थांब. असाच गेला तं बाई विचारन, भौ न जेवता काहून गेले. जेव आन मंग जाय."

म्हणून मी जेवलो. वहिनींनी वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा वाढला. त्या अमरावतीच्या उन्हाची, माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करत होत्या. तो माझ्या समोर मांडी घालून जेवत होता आणि दर वेळी भाकरीचं टोपलं माझ्याकडे सरकवत होता, एकदाही न बघता. एवढं लांब जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. निघताना तो फाटकापर्यंत आला नाही. कूलर सुरू झाला का ते बघायला आत गेला.

घरी येऊन मी दोन दिवस लिहीत बसलो. सोमवारी संध्याकाळी त्याची मुलगी आली. वडिलांनी तिला फोनवर सांगितलं होतं, किती ते तिने मला सांगितलं नाही. तिने माझी सहा पानं उभ्याउभ्याच वाचली. मला काका म्हणणं तिने टाळलं, हे माझ्या लक्षात आलं.

"हे काय आहे?" तिने एका परिच्छेदावर बोट ठेवलं. त्यात मी माझ्या पापाबद्दल लिहिलं होतं, दूधवाल्याबद्दल लिहिलं होतं, मला झोप लागत नाही ते लिहिलं होतं.

"जे वाटतं ते."

"इथे वाटलेलं चालत नाही. वेळ लिहा, कुठे बसला होता ते लिहा, काय दिसलं ते लिहा, काय केलं नाही ते लिहा. रडायचं असेल तर घरी रडा." मग पान उलटून म्हणाली, "बगळ्यांचं मात्र ठेवा. त्याच्याशिवाय हे कुणाला खरं वाटणार नाही."

सहाचं दीड पान झालं. ते वाचताना मला आधीपेक्षा जास्त लाज वाटली. दीड पानात लपायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी शपथपत्र करून मी सही केली. ती ते अर्जासोबत जोडणार होती. अर्जावर वडिलांची सही हवी होती, म्हणून कागद घेऊन ती गावी गेली.

गुरुवारी त्याचा फोन आला.

"म्या सही नाई करून राहिलो."

"काहून?"

"वकिलाले विचारलं पोरीनं. तुमाले धरतीन म्हणे. पेन्शन थांबवू शकते, केस होऊ शकते. तुमची पोट्टी लग्नाची हाये. जाऊ द्या. मले नोकरी लागून लागून किती वर्षाची? जिनिंगवर बरं हाये माहं. सावली हाये, पंखा हाये."

"तू रागावला होता."

"रागावलोच हाये. म्हणून काय तुमचं घर मोडू?"

मी फोन धरून उभा होतो. त्याने पुन्हा तेच केलं होतं. पाण्याच्या टाकीमागे केलं होतं तसंच, दोघं मरून काय फायदा असं म्हणत एकट्याने ओझं उचललं होतं. तेव्हा मला ते घ्यायला दोन श्वासही लागले नव्हते. माझ्यातल्या एका भागाला आताही सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथे लिहितो, कारण ते खरं आहे. फोन ठेवल्यावर मी पंख्याखाली बसून पाणी प्यायलो आणि पंधरा मिनिटं मला खरोखर बरं वाटत होतं. मग बायको आतून आली आणि म्हणाली, "काय म्हणाले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी काय म्हणाले?"

मी काहीच म्हणालो नव्हतो.

शुक्रवारी सकाळी मी बाजारातून कोरे कागद आणले. त्याच्या अर्जाला त्याची सही हवी होती, पण माझ्या कबुलीला कुणाच्याच सहीची गरज नव्हती. मी माझ्याच नावाने, माझ्या सेवाक्रमांकासह, त्याच कार्यालयाला पत्र लिहिलं: त्या चौकशीतली माझी साक्ष खोटी होती, खरी साक्ष सोबत जोडली आहे. खाली शपथपत्राची दुसरी प्रत. मोठ्या पोस्टात रांग होती. पुढची बाई राख्या पाठवण्याच्या दराची आतापासूनच चौकशी करत होती. खिडकीवरच्या माणसाने पाकीट वजनाला ठेवलं आणि विचारलं, "काय आहे आत?"

"कागद."

"फक्त कागद?"

"हो."

पावती घेऊन बाहेर आलो आणि तिथेच पायरीवरून त्याला फोन लावला. मी सांगितल्यावर बराच वेळ पलीकडून जिनिंगच्या यंत्रांचाच आवाज येत होता.

"तुमाले म्या नाई म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हाव."

"मंग?"

"मंग काई नाई. पोस्टात टाकलं."

पलीकडे फाटक उघडल्याचा आवाज आला. मग, "पोट्टीले पावतीचा फोटो पाठवा. तिले नंबर लागन." आणि फोन बंद झाला. त्या संध्याकाळी मुलीचा निरोप आला की बाबांनी अर्जावर सही केली, उद्या तोही जातो आहे.

याला आता पाच आठवडे झाले. पाकीट पोचल्याचं दिसतं, त्यापुढे काही नाही. दार वाजलं की बायको आधी माझ्याकडे बघते. बँकेत या महिन्याची पेन्शन जमा झाली का ते मी दोनदा पाहून आलो. त्याचा फोन नाही, मीही केलेला नाही. त्याच्या वयाची मर्यादा संपायला दोन महिने उरले आहेत. या दोन महिन्यांत काही झालं नाही, तर माझ्या खरं बोलण्याचा त्याला काहीच उपयोग झाला नाही असं होईल. नोंद पुसली जाईल कदाचित, पण नोकरी गेलेली असेल. हे मला आधी सुचलं असतं तर पाच वर्षांपूर्वी लिहिलं असतं असं म्हणायचा मोह होतो. पाच वर्षांपूर्वी सुचलं होतं.

मुलगी मात्र रविवारी येते. पहिले दोन रविवार आली नव्हती, मग आली. जेवण झालं की ती ताटं बाजूला सारते आणि टेबलापलीकडे समोर बसते. मला साक्षीला बोलावलं तर पहिला प्रश्न कोणता असेल, हे तिने ठरवून टाकलं आहे, आणि त्याची ती माझ्याकडून तयारी करून घेते.

"सहा वर्षं गप्प का होतात?"

पहिल्यांदा मी म्हणालो, भीती वाटत होती. ती म्हणाली, कशाची, नेमकं सांगा. दुसऱ्यांदा मी बोर्डाचं सांगितलं. ती म्हणाली, बोर्ड तर त्याच वर्षी झालं, नंतरच्या पाच वर्षांचं काय? मी म्हणालो, रोज वाटायचं, उद्या सांगू. तिने मान हलवली. मग मी म्हणालो की तो गप्प राहिला होता म्हणून मला गप्प राहणं सोपं गेलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलीने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.

"हे जवळपास आलं," ती म्हणाली. "पण बाबांवर ढकलल्यासारखं वाटतं. पुन्हा सांगा, काका."